बावीस मिनिटं

बॅटरीत बावीस मिनिटं असतात.
जायला सात, यायला सात,
वारा उलटला तर यायला नऊ.
उरतात ती माझी. सहा मिनिटांत
मला शिरे नदी वाचायची असते,
जिला आता काठ नाहीत.

मी कासुंगूची. आमच्याकडे पाणी विहिरीच्या तळाशी असतं,
दोर सोडायचा, वाट बघायची, मग ते वर येतं.
इथे न बोलावता आलंय.
शाळेच्या फळ्यावर फक्त तारीख कोरडी आहे,
गुरुवारची.

थर्मल कॅमेऱ्याला रंग कळत नाहीत, ऊब कळते.
पाणी काळं, मका काळा, वाहून आलेली दारं काळी,
जिवंत ते पांढरं.
मगर मात्र पाण्याइतकीच गार, ती दिसत नाही.
हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं,
लायतोनीने सांगितलं,
ज्याची होडी एका खोडातून कोरलेली
आणि बुडाशी डांबराने तीनदा सांधलेली.

पहिल्या दिवशी वारुळावर मी तेवीस माणसं मोजली.
अठरा बकऱ्या निघाल्या.
तो हसला नाही.
"बकऱ्याही कुणाच्या तरी असतात," म्हणाला,
आणि दोन फेऱ्या जास्त मारल्या.

तिसऱ्या दिवशी, उजेड ओसरताना,
मक्याच्या कणगीवर एक बाई.
आदल्या दोन दिवशीही होती ती,
यादीत माझ्याच अक्षरात:
एक प्रौढ, सुरक्षित उंचीवर, हात हलवते आहे.
होड्या पाच, आणि आधी जायच्या जागा चाळीस.

लायतोनी माझ्या खांद्यामागून
डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होता.
"हलवत नाहीये," तो म्हणाला.
"बोलावणारा हात आपल्याकडे येतो.
हा जातो बघ पलीकडे,
आणि तिथेच थांबतो."

परतीची मिनिटं वजा केली तर माझ्याकडे काही उरत नव्हतं.
यंत्र सरकारचं. सही माझी.
मी वजाबाकी सोडून दिली.

तिच्या बोटाच्या पुढे, बाभळींच्या पलीकडे,
पानांखालची ऊब वरून कळत नाही,
म्हणून खाली उतरवलं, इतकं खाली
की पंख्यांच्या वाऱ्याने पाण्यावर शहारे आले.
फांदीच्या बेचक्यात दोन पांढरे ठिपके.
आणि त्यांच्यामध्ये एक, पांढरा म्हणावा का,
राखेत राहिलेल्या निखाऱ्यासारखा,
विझू की नको करणारा.

मी आकडे वाचेपर्यंत
होडी निघालीही होती.
लायतोनीने अक्षांश-रेखांश घेतलेच नाहीत,
तो तिच्या हातावरून गेला.

मग पडदा काळा झाला.
नदीसारखा नव्हे. नुसता काळा.

तिघंही आली, मध्यरात्रीनंतर.
धाकटं लायतोनीच्या बायकोने
रात्रभर पोटाशी बांधून ठेवलं.
पहाटे ते रडलं, चांगलं ठणठणीत,
आणि छावणीत कुणीही त्याला गप्प केलं नाही.

कणगीवरची बाई, फाइनेसी तिचं नाव,
दुपारी मला शोधत आली.
"ती तुझी माशी कुठाय?"
बुडाली, म्हटलं.
"बरं झालं," ती म्हणाली.
"तीन दिवस यायची, बघायची, जायची.
शिव्या देऊन माझा घसा बसला."
मग पातेल्यातली न्सिमा तिने दोन भागांत केली
आणि मोठा माझ्यापुढे सरकवला.
मला तिच्याकडे बघून खाता येईना.

यंत्र हरवल्याचा एक अर्ज असतो.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
एका बाईने हात दाखवला.
ऑफिसने ते खोडून वर लिहिलं: बॅटरी.
तेही खरंच आहे.